एका गोळीचे पिस्तूल

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



व्याख्यानमालेचे निमंत्रण घेऊन आपले कार्यवाह माझ्या घरी आले, तेव्हा माळव्यातील मराठी कुटुंबांचा इतिहास किंवा एका निवृत्त अभियंत्याचे अनुभवकथन, असा काहीसा विषय त्यांच्या मनात असावा. मी जुन्या, एका गोळीच्या पिस्तुलाविषयी बोलेन असे म्हणताच त्यांनी हातातील चहाचा पेला खाली ठेवला. ज्या व्यासपीठावर आजवर नाट्यगीते झाली, ज्ञानेश्वरीवर प्रवचने झाली, त्या व्यासपीठावर पिस्तूल? त्यांची शंका रास्त होती. तथापि त्यांनी मोठ्या मनाने संमती दिली, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. आपणास प्रथमच आश्वासन देतो की, पिस्तूल मी सोबत आणलेले नाही. ते घरी कुलपात आहे आणि त्याची किल्ली माझ्या खिशात आहे.

हा विषय आपल्यासारख्या बृहन्महाराष्ट्रातील मंडळींना अगदीच परका नाही, हे सांगण्यासाठी एका थोर पुरुषाचे स्मरण करतो. लोकसभेचे पहिले सभापती कैलासवासी गणेश वासुदेव तथा दादासाहेब मावळंकर हे मराठी गृहस्थ. पण त्यांचा जन्म बडोद्याचा आणि कर्मभूमी अहमदाबादची. गांधीजींच्या चळवळीत त्यांनी तुरुंगवास भोगला. १९५१ साली भारतीय राष्ट्रीय रायफल संघटना स्थापन झाली, तेव्हा तिचे संस्थापक-अध्यक्ष हेच दादासाहेब होते. आजही अखिल भारतीय नेमबाजीची एक प्रमुख स्पर्धा त्यांच्या नावाने भरते. सत्य आणि अहिंसा यांच्या छायेत वाढलेल्या एका विधिज्ञाला नेमबाजीच्या संघटनेचे अध्यक्षपद विसंगत वाटले नाही, ही गोष्ट मला नेहमी विचारप्रवृत्त करते. नेमबाजी ही मारण्याची विद्या नसून आवरण्याची विद्या आहे, असे त्यांना वाटत असेल काय? त्यांचे मन मला ठाऊक नाही. माझा स्वतःचा अनुभव मात्र असाच आहे, आणि तोच आज आपल्यापुढे मांडावयाचा आहे.

आता प्रत्यक्ष वस्तूकडे वळू. पिस्तूल म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर चित्रपटातील पिस्तूल उभे राहते : चाप ओढावा आणि गोळ्यांची फैर झडावी. मी ज्याविषयी बोलतो आहे त्यात एका वेळी एकच काडतूस बसते. ना गोळ्यांची पेटी, ना फिरते चक्र. नळीचे मागचे तोंड बंद करण्यासाठी त्याला रायफलीसारखा बोल्ट असतो. ज्यांनी एन.सी.सी.त रायफल हाताळली आहे, किंवा पोलिसांच्या खांद्यावरची थ्री-नॉट-थ्री लहानपणी कुतूहलाने न्याहाळली आहे, त्यांना बोल्ट म्हणजे काय हे सांगावयास नको. आपल्या दाराच्या कडीसारखाच तो प्रकार. दांडा वर उचलावा, मागे ओढावा, काडतूस ठेवावे, बोल्ट पुढे सारावा, दांडा खाली पाडावा. कडी लागली. एक बार झाला की हाच सोपस्कार पुन्हा पहिल्यापासून.

एका गोळीच्या पिस्तुलांचे दुसरेही एक घराणे आहे. ब्रिटिश सैन्याने १८७१ साली स्वीकारलेल्या मार्टिनी-हेन्री रायफलीत बोल्ट नव्हता; तरफ खाली ओढली की नळीमागचा लोखंडी ठोकळा खाली झुकत असे आणि काडतुसास वाट मोकळी होत असे. ती रायफल केव्हाच संग्रहालयात गेली, पण तिची ही युक्ती स्वित्झर्लंडच्या हॅमर्ली आणि रशियातील तुला येथील टोझ-३५ या विख्यात स्पर्धा-पिस्तुलांत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातही नांदत होती. तीत एक मोठी सोय आहे. उजव्या हाताने धरलेली मूठ न सोडता डाव्या हाताने गोळी भरता येते. माझ्या बोल्टच्या पिस्तुलात ती सोय नाही. दांडा उजव्या अंगाला, म्हणून प्रत्येक वेळी पिस्तूल डाव्या हातात घ्यावे लागते आणि बारानंतर मूठ नव्याने जमवावी लागते. स्पर्धेच्या दृष्टीने हा दोषच. याच दोषाने मला काय दिले, ते पुढे सांगेन.

बोल्ट हा मूळचा रायफलीचा अवयव. तो पिस्तुलात बसविताना कारागिरांची कशी ओढाताण होते, याचे एक उदाहरण देतो. अमेरिकेतील रेमिंग्टन कंपनीने १९६३ साली एक्स्पी-१०० नावाचे बोल्टचे, एका गोळीचे पिस्तूल बाजारात आणले. बोल्ट मागे, त्याच्याही मागे मूठ, असे केले असते तर सारे वजन पुढे जाऊन नळी खाली झुकली असती. म्हणून त्यांनी मूठ मधोमध आणली आणि चापापासून मागच्या यंत्रणेपर्यंत एक लांब पट्टी नेली. दस्ता लाकडाचा न करता नायलॉनचा केला, ही त्या काळी नवलाची गोष्ट होती. २००९ साली मुलाकडे पेनसिल्व्हानियात गेलो असता एका वृद्ध गृहस्थांजवळ हे पिस्तूल पाहिले. पोलादी पत्र्याच्या आकृत्या पाडण्याचा एक खेळ तिकडे आहे. तो मूळचा मेक्सिकोचा. ५० मीटरवर कोंबडी, १०० वर डुक्कर, १५० वर टर्की आणि २०० मीटरवर मेंढा. आकृती नुसती भेदून चालत नाही, उलथून पडावी लागते. त्या गृहस्थांनी मेंढा पाडला. दोनशे मीटरवरून ठणत्कार मागाहून आमच्या कानी आला. “तुम्ही मारता का?” असे त्यांनी आग्रहाने विचारले. परंतु प्रवासी म्हणून आलेल्या परकीयास शस्त्र हाती घेण्यावर त्या देशाच्या कायद्याची बंधने आहेत, म्हणून मी हात मागे बांधूनच उभा राहिलो. त्यांना ते आवडले असावे. नंतरचा तासभर ते माझ्याशी जुन्या स्नेह्यासारखे बोलत होते.

माझ्या पिस्तुलाची हकीकत याहून साधी आहे. १९७२ साली नोकरीनिमित्त मी या शहरी आलो आणि रायफल क्लबात जाऊ लागलो. तेथे होळकर संस्थानच्या सेवेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ नियमाने येत. आम्ही सारे त्यांना नाना म्हणत असू. त्यांच्याजवळ पॉइंट-टू-टू काडतुसाचे एक जुने फ्रेंच पिस्तूल होते. कारखान्याचे नाव घासून गेलेले, मात्र नळीवर साँ-एत्येन या शस्त्रनगरीच्या परीक्षागृहाचा ठसा स्पष्ट होता. असा ठसा म्हणजे त्या नळीची जन्मपत्रिकाच. नेहमीपेक्षा अधिक दाबाचे काडतूस तीत उडवून पाहावयाचे आणि नळी अभंग राहिली तरच ठसा उमटवावयाचा, अशी युरोपातील परीक्षागृहांची रीत आहे.

नाना मला संध्याकाळी पाच गोळ्या देत. त्या काळी काडतुसे महाग आणि दुर्मिळ, हे एक कारण. पण ते एकच कारण नव्हते. प्रत्येक बारानंतर दुर्बिणीतून लक्ष्याकडे पाहण्यापूर्वी, गोळी कोठे लागली असावी हे वहीत लिहावयाचे, असा त्यांचा दंडक होता. वहीत दोन रकाने असत : एकावर ‘वाटले’ आणि दुसऱ्यावर ‘लागले’ असे मथळे. चाप सुटला त्या क्षणी माशी खाचेच्या नेमकी मधोमध होती की उजवीकडे ढळली होती, हे आपल्या डोळ्याने पाहिलेलेच असते; प्रश्न एवढाच की ते आपण स्वतःशी कबूल करतो की नाही. सुरुवातीस माझ्या ‘वाटले’ रकान्यात सर्व गोळ्या मध्यभागी असत आणि ‘लागले’ रकान्यात चहूदिशांना पांगलेल्या. नाना रागावत नसत. एवढेच म्हणत, “हात पुढे सुधारेल. आधी हा रकाना सुधारा.”

या कबुलीला किती सूक्ष्म दृष्टी लागते, हे थोड्या गणिताने स्पष्ट होईल. या खेळाच्या स्पर्धेत लक्ष्य ५० मीटरवर असते आणि त्यातील दहा गुणांचे वर्तुळ अवघे ५ सेंटिमीटर व्यासाचे. म्हणजे मध्यबिंदूपासून अडीच सेंटिमीटर ढळले की दहा गुण गेले. पुढची माशी आणि मागची खाच यांत सुमारे ३० सेंटिमीटर अंतर धरले, तर ही चूक माशीच्या ठिकाणी ०.१५ मिलिमीटर भरते. वहीच्या दोन पानांची जाडी! एवढ्या फरकावर दहाचे नऊ होतात; आणि हे सारे एका हाताने, कोठेही टेका न घेता, साठ वेळा करावयाचे. हात स्थिर कोणाचाच नसतो. नाडीचे ठोके थांबविता येत नाहीत. म्हणून नेमबाज हात थांबविण्याची वाट पाहत नाही. माशी आणि खाच एका रेषेत राखतो, हाताचे किंचित डोलणे मान्य करतो आणि बोट हळूहळू दाबत जातो. चाप नेमका केव्हा सुटेल हे त्याचे त्यालाही आधी कळू नये, इतके हळू. ‘आता मारतो’ असे ज्याच्या मनात आले, त्याची गोळी चुकली म्हणून समजावे.

आता बोल्टच्या दोषाकडे येतो. प्रत्येक बारानंतर मूठ मोडते, म्हणून मागच्या बाराची चांगली मूठ पुढच्या बारास उधार मिळत नाही. मागच्या बाराची वाईट मूठही चिकटून राहत नाही. मधला अर्धा मिनिट रिकामा मिळतो, आणि त्या अर्ध्या मिनिटात वही लिहून होते. पुढे मी आधुनिक पिस्तूल घेतले. हातमोज्यासारखी मूठ, नाजूक चाप. गुण तीसेकांनी वाढले. परंतु वही मात्र मागे पडत गेली, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

मंडळी, एक प्रसंग सांगावयास मला आजही संकोच वाटतो. १९७४ च्या पावसाळ्यानंतरचा एक रविवार. मी पाचवी गोळी भरली, बोल्ट बंद केला, पिस्तूल उचलले, परंतु हात थकल्यामुळे न मारताच खाली घेतले. तेवढ्यात शेजारच्याने काही विचारले. मी उत्तर देता देता पिस्तूल मेजावर ठेवले आणि बोलत राहिलो. लक्ष्ये पाहावयास पुढे जाण्याची सूचना झाली. चार-पाच जण निघालेही. नानांची दृष्टी मेजावर गेली. बोल्टचा दांडा खाली होता. ते ओरडले नाहीत. पुढे झाले, नळी मातीच्या भिंतीकडे असल्याची खात्री केली आणि दांडा वर करून बोल्ट मागे ओढला. न उडालेले काडतूस लाकडावर टपकन पडले. तो आवाज मी विसरलेलो नाही. पुढे गेलेल्यांपैकी कोणालाही काही समजले नाही. नानांनी ते काडतूस माझ्या तळहातावर ठेवले आणि म्हणाले, “एक महिना येऊ नका. आलात की आधी हे मला दाखवा.”

महिन्याने मी गेलो आणि काडतूस दाखविले. त्यांनी ते परत घेतले नाही. त्या दिवशी मला कळले की, बोल्टच्या पिस्तुलाचा सर्वांत मोठा गुण अचूकता हा नव्हेच. ते आपली अवस्था लपवीत नाही, हा त्याचा गुण. दांडा वर आणि बोल्ट मागे असला, तर दहा पावलांवरून कोणीही सांगू शकतो की हे शस्त्र या क्षणी निरुपद्रवी आहे. पाहणाऱ्याने मात्र पाहिले पाहिजे आणि ठेवणाऱ्याने तसे ठेवले पाहिजे. यंत्र प्रामाणिक असून भागत नाही.

१९८६ साली नानांची दृष्टी मंद झाली, तेव्हा त्यांनी ते पिस्तूल जिल्हाधिकाऱ्यांच्या अनुमतीने रीतसर माझ्या परवान्यावर चढविले. अशा जुन्या शस्त्राची निगा हा एक स्वतंत्र विषय आहे. दोन-तीन गोष्टीच सांगतो. पॉइंट-टू-टू काडतुसात ठिणगीचा मसाला बुडाच्या कडेत असतो, म्हणून आतली टाचणी कडेवर आपटते. काडतूस नसताना चाप ओढला, तर ती टाचणी नळीच्या काठावर आदळून त्याला खाच पाडते. सबब रिकामा चाप ओढणे वर्ज्य. दुसरे असे की, जुन्या काडतुसांतील मसाला उडाल्यावर मिठासारखा क्षार मागे राहत असे, तो हवेतील ओल ओढून घेई आणि नळी आतून गंजे. अनेक जुनी पिस्तुले बाहेरून देखणी आणि आतून खरवडलेली असतात, ती यामुळेच. नाना प्रत्येक वेळी नळी कढत पाण्याने धूत, कोरडी करीत आणि मग तेलाचा हात देत. तिसरे, वेगवान काडतुसांचा मोह धरू नये. स्पर्धेची मंदगती काडतुसेच वापरावी, आणि वर्षातून एकदा जाणत्या कारागिराकडून बोल्टची पकड तपासून घ्यावी. वृद्ध माणसाकडून तरुणाचे काम करून घेऊ नये, इतकी ही साधी गोष्ट आहे.

पुढे दोन निर्णय असे झाले की, ज्यांनी या छंदाचे भवितव्यच पालटले. पहिला निर्णय खेळाचा. १८९६ च्या अथेन्स ऑलिम्पिकपासून काही अपवाद सोडता चालत आलेली मुक्त पिस्तुलाची स्पर्धा २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकनंतर बंद झाली. स्त्री-पुरुषांच्या स्पर्धांत समतोल यावा म्हणून मिश्र सांघिक स्पर्धा आल्या, आणि त्यांना जागा देण्यासाठी २०१७ साली हिच्यासह पुरुषांच्या तीन स्पर्धा वगळण्याचे ठरले. हेतू न्याय्यच होता. पण मन हळहळले. आपल्या शेजारच्या महू येथे लष्कराच्या नेमबाजी केंद्रात तयार झालेल्या जितू राय यांनी सप्टेंबर २०१४ मध्ये ग्रॅनडाच्या जागतिक स्पर्धेत याच प्रकारात रौप्यपदक मिळविले आणि त्याच महिन्यात इंचिऑनच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक. त्याच ग्रॅनडात कोरियाच्या जिन जोंग-ओ यांनी ५८३ गुण करून, मॉस्कोत १९८० साली मेलेंतिएव यांनी स्थापिलेला ५८१ चा विक्रम चौतीस वर्षांनी मोडला. ऑलिम्पिकचे दार मिटल्यावरही २०१८ मध्ये ओम प्रकाश मिठरवाल यांनी चांगवोन येथे ५६४ गुणांसह जागतिक सुवर्णपदक पटकाविले. जागतिक स्पर्धेत हा प्रकार अद्याप जिवंत आहे. आणि पॅरिसला २०२४ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे यांनी ५० मीटर रायफलीत कांस्यपदक जिंकले, ती रायफलही एका वेळी एकच गोळी घेणारी. म्हणजे घराणे अगदीच निर्वंश झालेले नाही.

दुसरा निर्णय कायद्याचा. डिसेंबर २०१९ मध्ये शस्त्र कायद्यात सुधारणा झाली आणि सामान्य परवानाधारकास तीनऐवजी दोनच शस्त्रे बाळगता येतील असे ठरले. जादा शस्त्राची वर्षभरात रीतसर विल्हेवाट लावावयाची. माझ्याजवळ तीन होती : वडिलांची बाराबोअरची दुनळी, नव्या पद्धतीचे स्पर्धा-पिस्तूल आणि नानांचे हे जुने. हा कायदा मला अन्यायाचा वाटला नाही. शस्त्रे जितकी कमी तितके बरे, असेच सर्वसाधारण मनुष्याचे मत असणार. परंतु निवड करावी लागली. मित्रांनी सल्ला दिला की जुने काढा. त्याला किंमत नाही, त्याने गुण पडत नाहीत. मी आठ दिवस विचार केला आणि नवे पिस्तूल एका परवानाधारक तरुण खेळाडूस देऊन टाकले. त्याच्या हाती ते स्पर्धेत उतरेल. माझ्या कपाटात ते केवळ अभिमान म्हणून राहिले असते. जुने पिस्तूल मात्र ज्याला त्याची रीत ठाऊक नाही अशाच्या हाती गेले, तर ते निव्वळ लोखंड. मला वाटते माझी निवड योग्य होती. ‘वाटले’ या रकान्यात मी तसे लिहिले आहे. दुसरा रकाना अजून रिकामा आहे.

कारण खरा प्रश्न पुढेच आहे. मी सत्तरी ओलांडली आहे. नियमांप्रमाणे माझ्या हयातीतच हे शस्त्र कायदेशीर वारसाच्या नावे करता येते. अर्थात वारस परवान्यास पात्र ठरला पाहिजे आणि मुख्य म्हणजे त्याची इच्छा हवी. मुलगा परदेशी. मुलगी याच शहरात महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकविते. तिला विचारले, तेव्हा ती स्पष्ट म्हणाली, “बाबा, घरात लहान मूल आहे. मला घरात शस्त्र नको.” मी वाद घातला नाही. तिचे म्हणणे नानांच्याच शिकवणीतले होते. जी वस्तू सांभाळण्याची खात्री नाही ती हाती घेऊ नये.

गेल्या दिवाळीत मात्र ती माझ्यासोबत क्लबात आली. मी पाच गोळ्या घेतल्या होत्या. प्रत्येक बारानंतर मी वहीत लिहीत होतो आणि ती दुर्बिणीतून पाहून दुसरा रकाना सांगत होती. पाचपैकी तीनदा दोन्ही रकाने जुळले. गुण बेताचेच होते, हातही आता कापतो. परंतु चूक कोठे झाली हे मला आधी कळले होते. परतताना तिने ती वही मागितली. “वर्गात मोजमापातील चूक शिकविताना उपयोगी पडेल,” असे म्हणाली. मी दिली. पिस्तुलाविषयी ती काही बोलली नाही आणि मीही विचारले नाही. ते घरी कपाटात आहे, बोल्ट मागे ओढलेला, नळी कोरडी. तिचा नकार कायम राहिला, तर ते रीतसर सरकारजमा करीन. त्याचेही मला दुःख नाही. नानांचे जे सांभाळावयाचे होते, ते दोन रकान्यांत होते, आणि ते तिच्याकडे पोहोचले आहे.